लाइमचा आजार : काय खावं, कुठल्या गोळ्या घ्याव्यात, आणि ओट्यावरच्या अकरा बाटल्यांचं काय करावं?

सांजवात | २० ऑक्टोबर

नमस्कार मंडळी. मी इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे. पाककृतींच्या धाग्यांवर कधीमधी 'मस्त' म्हणण्यापलीकडे काही लिहिलेलं नाही. आज मात्र मदत हवी आहे.

आम्ही कनेक्टिकटमध्ये राहतो. घरामागे झाडी, पडके दगडी गडगे, पाचोळ्याचे ढीग आणि संध्याकाळी हक्काने येणारी हरणं. ओल्ड लाइम, म्हणजे ज्या गावावरून गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या या आजाराला नाव पडलं ते गाव, आमच्याच राज्यातलं. जूनमध्ये गुडघ्यामागे पुरीएवढा लाल चट्टा उठला. दुखत नव्हता, खाजत नव्हता. लाइमच्या चट्ट्याचे सगळीकडे फोटो असतात तसा गोलात गोलही नव्हता, नुसताच एकसारखा लाल. गोचीड चावल्याचं आठवत नव्हतं. तिचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं, दिसणार तरी कसं? जवळच्या दवाखान्यात 'कोळी चावला असेल' म्हणाले आणि सेफालेक्सिन हे प्रतिजैविक लिहून दिलं. दोनतीन आठवड्यांत चट्टा गेला आणि आम्हीही विसरलो.

ऐन नवरात्रात उजवा गुडघा शहाळ्याएवढा सुजला. लाइमची दोन टप्प्यांची रक्ततपासणी झाली, दोन्ही पॉझिटिव्ह. आता डॉक्सिसायक्लिन हे दुसरं प्रतिजैविक, १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, २८ दिवस. आज सहावा दिवस.

खरा प्रश्न पुढेच आहे. आजार कळल्यापासून ज्याला त्याला माझ्या ताटात डोकवायचंय. मैत्रीण म्हणते गहू, दूध, साखर तिन्ही बंद कर. एका संकेतस्थळावर वाचलं की लोह बंद केलं की जंतू उपाशी मरतात, म्हणून पालक आणि गूळ सोडला. सासूबाई आल्या आहेत. त्या रोज सकाळी दुधात शिजवलेलं नाचणीचं सत्त्व देतात आणि त्याच्याच घोटाबरोबर मी गोळी घेते. ओट्यावर अकरा बाटल्या आहेत: मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक, लोह (हे सध्या बंद), हळदीच्या कॅप्सूल, मांजरनखी नावाच्या वेलीचा अर्क, माशाचं तेल, प्रोबायोटिक, केसांसाठी बायोटिन आणि एक 'लाइम सपोर्ट' लिहिलेली, जिच्यात नक्की काय आहे ते बाटलीलाच ठाऊक.

कोणी यातून गेलंय का? काय खाल्लंत?

---

मात्रा | २० ऑक्टोबर

सांजवात, मी न्यू जर्सीत फार्मसिस्ट आहे. सगळं बाजूला ठेवा, आधी ते नाचणीचं सत्त्व आणि गोळी यांची फारकत करा. आजपासूनच.

डॉक्सी आणि कॅल्शियम आतड्यात एकमेकांना धरून बसतात. धरून बसलेली डॉक्सी रक्तात जात नाही, सरळ बाहेर जाते. तुमच्या वाटीत दूधही आहे आणि नाचणीही, म्हणजे कॅल्शियमवर कॅल्शियम. त्याच कुळातल्या जुन्या टेट्रासायक्लिनइतकं डॉक्सीचं नुकसान दुधाने होत नाही, पण २८ दिवस रोज थोडं थोडं औषध वाया का घालवायचं? मॅग्नेशियम, झिंक, पित्ताच्या चघळायच्या गोळ्या आणि खनिजं घातलेलं मल्टिव्हिटॅमिन यांनाही हेच लागू. लोह तर सगळ्यात खोडकर. त्याच्यासाठी नुसतं दोन-तीन तासांचं अंतर ठेवून भागेलच असं नाही, तेव्हा ती गोळी कोर्सपुरती थांबवायची का ते डॉक्टरांना विचारा. जंतू उपाशी मरतील म्हणून नव्हे, औषध वाया जाऊ नये म्हणून.

सोपं गणित सांगते. गोळी सकाळी ८ आणि रात्री ८. सोबत पोहे, उपमा, भात-आमटी, काहीही चालेल. रिकाम्या पोटी मळमळतं. चहातल्या दोन चमचे दुधाने आभाळ कोसळत नाही. दही-ताक दुपारी १ वाजता, नाचणी ४ वाजता. कॅल्शियम, मॅग्नेशियम घ्यायचंच असेल तर तेही दुपारीच.

आणि गोळी पेलाभर पाण्याबरोबर घ्या. घेतल्यावर अर्धा तास तरी आडवं व्हायचं नाही.

---

सांजवात | २१ ऑक्टोबर

मात्रा, शेवटची ओळ तुम्ही चार दिवस आधी लिहायला हवी होती! शुक्रवारी रात्री गोळी विसरले होते. अकराला आठवलं. दिवा न लावताच एका घोटाबरोबर घेतली आणि झोपले. पहाटे छातीच्या मधोमध निखारा ठेवल्यासारखं वाटलं. मला वाटलं हृदयच. गोळी अन्ननलिकेत अडकून तिथेच विरघळली होती म्हणे. तीन दिवस वरणाचं पाणी गिळतानाही डोळ्यांत पाणी.

सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे माझी नाचणी वाईट नाही ना, वेळ वाईट." फ्रिजवर त्यांनीच कागद लावलाय: ८ गोळी, १ ताक, ४ सत्त्व, ८ गोळी.

---

चिकित्सक | २१ ऑक्टोबर

लोहाबद्दल थोडं. गंमत अशी की लाइमचा जंतू, बोरेलिया बर्गडॉर्फेरी, हा जंतुसृष्टीतला विक्षिप्त प्राणी आहे. बहुतेक जंतूंना लोह लागतं, याला लागत नाही. तो लोहाच्या जागी मँगनीज वापरतो. तेव्हा पालक सोडून तुम्ही त्याला उपाशी ठेवत नाही, स्वतःलाच ठेवताय.

साखरेचंही तसंच. साखर कमी खाणं चांगलंच, पण 'साखर म्हणजे जंतूंचं खाद्य' हे वाक्य फसवं आहे. तुम्ही जिलबी खा नाहीतर कोशिंबीर, रक्तातली साखर शरीर एका पट्ट्यातच ठेवतं. मधुमेह असेल तर गोष्ट वेगळी. गहू सोडल्याने लाइम बरा होतो याला चांगला पुरावा नाही. सीलिअॅक (गव्हातल्या ग्लूटेनने आतडं बिघडवणारा आजार) असेल किंवा गव्हाने पोट खरंच बिघडत असेल तर सोडा, एरवी दोन पोळ्या खाऊन मोकळ्या व्हा.

अवांतर: ओल्ड लाइमचा विषय निघालाच आहे म्हणून. १९७५ च्या सुमारास तिथल्या मुलांचे गुडघे सुजायला लागले तेव्हा डॉक्टर 'लहान मुलांचा संधिवात' म्हणत होते. पॉली मरे नावाच्या एका आईने वह्या भरून नोंदी ठेवल्या आणि आरोग्य खात्याच्या मागे लागली. मग येल विद्यापीठाचे अॅलन स्टीअर आले आणि एवढ्याशा टापूत इतकी मुलं एकाच आजाराने बेजार आहेत हे उघड झालं. जंतू सापडला तो नंतर, १९८१-८२ मध्ये, विली बर्गडॉर्फर यांना. जवळच्या दवाखान्याने 'कोळी' म्हटलं तर त्या आईची आठवण ठेवून दुसरीकडे दाखवायचं. आणि हो, सेफालेक्सिन या जंतूवर चालत नाही.

---

आजीचा_बटवा | २२ ऑक्टोबर

बाळ सांजवात, ही इंग्रजी औषधं फार उष्ण पडतात. गुळवेलीचा काढा सकाळ-संध्याकाळ, हळद घातलेलं दूध रात्री आणि अश्वगंधा. प्रतिकारशक्ती वाढली की जंतू आपोआप पळतो. माझ्या भाच्याचा ताप याच काढ्याने उतरला होता.

---

मात्रा | २२ ऑक्टोबर

काकू, रागावू नका. हळदीचं दूध मलाही आवडतं, पण सध्या त्यांनी ते रात्रीच्या गोळीपासून लांब ठेवायला हवं, ते दूध आहे म्हणून. आणि फोडणीतली चिमूटभर हळद वेगळी, मिरीचा अर्क घालून शोषण वाढवलेली हळदीची कॅप्सूल वेगळी. अशा कॅप्सूलांनी यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत. गुळवेलीनंतर यकृत बिघडलेल्या रुग्णांबद्दल मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये लिहिलं होतं. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, वाद झाला, पण वाद मिटेपर्यंत प्रयोग सांजवातच्या यकृतावर नको. अश्वगंधेच्याही अशा नोंदी आहेत, शिवाय ती थायरॉइडमध्ये लुडबुड करते.

भाच्याचा ताप काढ्याने उतरला असेल, नसेल. पण पुरेशा प्रतिजैविकाशिवाय लाइम सांध्यात, चेहऱ्याच्या नसेत, कधी हृदयापर्यंत जातो. तिथे काढ्यावर विसंबता येत नाही.

---

बंड्या_बोस्टनकर | २३ ऑक्टोबर

लिहू की नको असं चाललं होतं, लिहितोच.

मला पाच वर्षांपूर्वी लाइम झाला. तीन आठवड्यांचा कोर्स झाला, चट्टा गेला, पण थकवा राहिला. जिना चढलो की सोफ्यावर. नेहमीचे डॉक्टर म्हणाले काही जणांना महिनोन्महिने असं राहतं, हळूहळू कमी होईल. मला 'हळूहळू' नको होतं. तेव्हा एक खाजगी क्लिनिक गाठलं. विमा घेत नाहीत, रोख. पहिल्याच भेटीत तीन पानांची यादी दिली: दंडात नळी बसवून शिरेतून प्रतिजैविक, आणि जोडीला चौतीस सप्लिमेंट. चौतीस! सकाळी बायको वाटीत गोळ्या काढून द्यायची, दाणे-चुरमुरे दिल्यासारख्या. सप्लिमेंट त्यांच्याच कपाटातून घ्यायची, बाहेरची चालायची नाहीत. मला तिथेच कळायला हवं होतं.

चार महिन्यांनी नळीच्या जागी संसर्ग झाला, थंडी वाजून ताप आला, सहा दिवस हॉस्पिटलात. तिथल्या संसर्गरोगतज्ज्ञ बाईंनी समोर बसून समजावलं. लांबवलेल्या प्रतिजैविकांची तुलना खोट्या औषधाशी केली गेली आहे, अमेरिकेत २००१ मध्ये आणि नेदरलँड्समध्ये २०१६ मध्ये. दोन्ही वेळा टिकाऊ फायदा दिसला नाही. त्या म्हणाल्या, तुझा थकवा खोटा आहे असं मी म्हणत नाहीये, या औषधाने तो जात नाही एवढंच म्हणतेय. तोवर माझ्या थकव्याला कोणी खरं म्हटलंच नव्हतं. क्लिनिकवाल्यांनी म्हटलं, म्हणून तर मी फसलो.

सांजवात, ती 'लाइम सपोर्ट'ची बाटली आधी फेका. इथे सप्लिमेंट विकण्याआधी कोणाची मंजुरी लागत नाही, १९९४ चा कायदाच तसा आहे. आणि कोणी चांदीचं पाणी सुचवलं तर पळा. ते प्यायल्याने माणसाची कातडी कायमची निळसर-करडी होऊ शकते, अतिशयोक्ती नाही ही.

---

सांजवात | २३ ऑक्टोबर

बंड्या, वाचून गलबलून आलं. बाटली टाकली. मांजरनखीचं काय? तिने जंतू मरतात असं संशोधन आहे असं वाचलंय.

---

चिकित्सक | २४ ऑक्टोबर

काचेच्या नळीत मरतात. ओरेगॅनोच्या तेलाने, दालचिनीच्या तेलाने, स्टीव्हियाच्या अर्कानेही नळीत मरतात. नळीत तर ब्लीचनेही मरतील. माणसाने गिळल्यावर तेवढं द्रव्य सांध्यापर्यंत पोचतं का, आणि पोचेल इतकं घेतलं तर माणूस टिकतो का, हे माणसांवरच्या चाचण्यांतून कळतं. लाइमसाठी तशा चाचण्या मला दिसलेल्या नाहीत.

---

रानभाजी | २५ ऑक्टोबर

थोडं विषयांतर, पण खाण्याचंच आहे. आम्ही व्हर्जिनियात. इकडे पाठीवर पांढरा ठिपका असलेली दुसरी एक गोचीड असते, लोन स्टार. ती चावल्यावर माझ्या नवऱ्याला लाइम नाही, मटणाचं वावडं झालं! रात्री आठला सुकं मटण खाल्लं, बाराला अंगभर गांधी आणि ओठ सुजलेले. इतक्या उशिरा त्रास होतो म्हणून मटणाचा संशयच येत नाही. आम्ही आधी नवीन साबणाला दोष दिला. बकरा, गाय, डुक्कर सगळं बंद, कोंबडी आणि मासे चालतात. काहींना दूधही चालत नाही. आणि सप्लिमेंटवाल्यांनो, ऐका: कॅप्सूलचं टरफल बहुतेकदा जिलेटिनचं असतं, म्हणजे प्राणीजच. त्याला माशाच्या तेलाच्या कॅप्सूलनेही पित्त उठलं होतं. तेल माशाचं, टरफल गाईचं.

---

दोडामार्गकर | २५ ऑक्टोबर

आमच्याकडे गोचीड म्हटली की माकडतापच आठवता. दोडामार्ग-बांदा भागात २०१६ पासून काजूच्या हंगामात त्याची धास्ती असते. पण तो विषाणू, तुमचा जंतू; माकडतापावर हे प्रतिजैविक चालत नाही. लाइमवर निदान औषध आहे, ते नीट पुरं करा. बाकी जेवायचं म्हणाल तर तापातून उठलेल्याला आमच्याकडे पेज, सुक्या बांगड्याचा तुकडा आणि सोलकढी. त्यात काय चुकलंय सांगा.

---

मात्रा | २५ ऑक्टोबर

काही नाही चुकलं. मला पत्ता पाठवा.

---

मोगरा७७ | ९ नोव्हेंबर

धागा आत्ता वाचला. मलाही मे महिन्यात लाइम झाला होता, कोर्स पूर्ण झाला. व्हिटॅमिन डी अगदी कमी निघालं होतं. पुण्याहून येताना बहिणीने ६०,००० युनिटची पुडी दिली होती, बरीच पाकिटं. दोन आठवडे रोज एक घेतेय. तरी थकवा जात नाही, उलट मळमळ आणि तहान वाढलीये. डोस वाढवू का?

---

मात्रा | ९ नोव्हेंबर

रोज?!

मोगरा, आजपासून बंद. ती पुडी आठवड्यातून एकदा घ्यायची असते, तीही मोजके आठवडे, डॉक्टरांनी सांगितली तर. मोठ्या माणसाने स्वतःच्या मनाने घ्यायची रोजची कमाल मर्यादा ४,००० युनिट आहे, तुम्ही तिच्या पंधरापट घेताय. डी चरबीत साठतं, जास्तीचं लघवीतून निघून जात नाही. तहान आणि मळमळ ही रक्तात कॅल्शियम वाढल्याची लक्षणं असू शकतात. डॉक्टरांना आजच फोन करा, आकडा सांगा, कॅल्शियम आणि मूत्रपिंडाची तपासणी करा. उद्यावर टाकू नका.

---

मोगरा७७ | १२ नोव्हेंबर

कॅल्शियम वाढलेलंच निघालं. सलाईन लावलं, आता बरं आहे. पाकिटावर आठवड्याला एक असं लिहिलेलं होतं. मी चष्मा न लावता वाचलं. बहिणीला सांगितलं नाहीये, रडत बसेल.

---

सांजवात | १८ जानेवारी

बऱ्याच दिवसांनी येतेय. कोर्स नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात संपला. गुडघ्याची सूज नाताळपर्यंत पूर्ण उतरली. पण थकवा, डोकं धुक्यात, आणि पायांच्या तळव्यांना मुंग्या. मनात आलंच, बंड्यासारखं माझंही राहिलं म्हणून. डॉक्टरांनी मात्र लाइमची तपासणी पुन्हा करायला नकार दिला. जंतूशी लढायला शरीराने बनवलेली प्रतिपिंडं वर्षानुवर्षं रक्तात राहतात, त्यावरून आजार आहे की गेला ते कळत नाही म्हणाल्या. त्याऐवजी बाकी सगळं तपासलं. थायरॉइडच्या आधी बायोटिन तीन दिवस बंद करायला लावलं, त्याने म्हणे रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

थायरॉइड ठीक. बी१२ आलं १६८, म्हणजे कमी!

जन्माची शाकाहारी, अंडंही चाळिशीत खायला लागले, त्यात दोन महिने दूध-दही धाकधुकीने कमी केलेलं. मुंग्या आणि धुकं, दोन्हीचं खापर मी गोचिडीवर फोडत होते. आठवडाभर रोज इंजेक्शन, आता रोज गोळी. मुंग्या निम्म्यावर आल्यात. थकवा पूर्ण गेलेला नाही. आजाराचा वाटा किती आणि बी१२ चा किती, ते डॉक्टरही सांगू शकत नाहीत.

खाण्याचं लिहायचं राहिलं. गुडघ्यासाठी व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी टेपने मांडी मोजून दाखवली, उजवी डावीपेक्षा बारीक झालीये. म्हणाल्या प्रथिनं खा, नाहीतर व्यायाम कशावर करणार? मला वाटायचं वरण-भात खातेच की. वाटीभर पातळ वरणात प्रथिनं असून असून किती! आता सकाळी दोन अंडी नाहीतर मूगडाळीची धिरडी, दुपारी मटकीची उसळ आणि ताक, चारला नाचणी (कोर्स संपला तरी सासूबाईंचा कागद फ्रिजवर तसाच आहे), रात्री भात, घट्ट आमटी, पनीर किंवा टोफू.

आणि खरी अडचण काय खावं ही नव्हतीच. ओट्यापाशी वीस मिनिटं उभं राहवत नव्हतं, ही होती. काय खावं ते सगळे सांगतात, शिजवायचं कुणी ते कोणी सांगत नाही. शेवटी नवऱ्याने बारमधला असतो तसा उंच स्टूल आणला. मी स्टुलावर बसून फोडणी देते. रविवारी तो कडधान्यं भिजवतो, प्रेशर कुकरमध्ये तीन डबे उकडतो आणि फ्रीजरला टाकतो. मेथी आणि नारळ गोठवलेले. कांदा चिरलेला विकत आणते, आणि त्याची लाज वाटणं नोव्हेंबरात सोडलं.

ओट्यावर आता दोन बाटल्या: बी१२, आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेलं १,००० युनिटचं डी. बाकीच्यांचे पैसे मोजले तर छान पैठणी आली असती.

---

आजीचा_बटवा | १९ जानेवारी

बरं वाटलं वाचून. काढ्याचं मी मागे घेत नाही हो, पण सासूबाईंना माझा नमस्कार सांग. धिरड्यात ओवा घाल, मूग बाधत नाहीत.

---

बंड्या_बोस्टनकर | १९ जानेवारी

स्टुलाला +१. मला उठून बसायला साधारण दीड वर्ष लागलं. क्लिनिक सोडल्यावर वेगळं काही केलं नाही. झोप, रोज थोडं चालणं (आधी टपालपेटीपर्यंत, मग कोपऱ्यापर्यंत), आणि जेवण चुकवायचं नाही. ज्या दिवशी बरं वाटायचं त्या दिवशी उत्साहात जास्त करायचो आणि पुढचे दोन दिवस गार. ते टाळ.

---

सांजवात | २० जानेवारी

काकू, ओवा घालून आज केली. एक वाटी सालाची मूगडाळ रात्री भिजवून, आल्याचा पेरभर तुकडा, दोन मिरच्या, अर्धा चमचा ओवा, मीठ. फार बारीक वाटायचं नाही. सहा झाली, चार मी खाल्ली. बंड्या, टपालपेटीपर्यंत बर्फ साचलाय, पण उद्या नवरा वाट काढणार आहे.